घाम फुटेपर्यंत

"सोडा मला आसराबाई, मेलो मी," तातेराव घोंगडीखालून ओरडत होते.

"मेलेला माणूस येवढा वरडत न्हाई," आसराबाई म्हणाली आणि तिनं घोंगडीची कड आणखी खाली ओढली. "गुमान बसा. घाम फुटल्याबिगर सुटका न्हाई."

तातेरावांचं धावडा गावात किराणा दुकान. दुकानात तापाच्या, सर्दीच्या, अंगदुखीच्या गोळ्यांची पाकिटं दोरीला टांगलेली असत आणि गिऱ्हाइकाला ते ती मोठ्या विश्वासानं देत. स्वतःला हुडहुडी भरली की मात्र त्यांचे पाय आसराबाईच्या घराकडे वळत. आता ते उघड्या अंगानं पाटावर बसले होते. पुढ्यात उकळत्या पाण्याचं पातेलं, पातेल्यात निरगुडीचा पाला, गवती चहा आणि मूठभर तुळस, आणि या सगळ्यावर डोक्यापासून जमिनीपर्यंत काळी घोंगडी. त्याआधी सुंठ-मिऱ्याचा कडक काढा पोटात गेला होता. पौषातली सकाळ होती, घाटाकडून गार वारं येत होतं, आणि गावाला गोळ्या विकणारे तातेराव आत शिजत होते.

घोंगडीची दुसरी बाजू दैवशालानं धरली होती. दैवशाला ही आसराबाईची धाकटी जाऊ, म्हणजे दीर पुंजारामची बायको. माहेर गोदाकाठचं, शहागडचं. लग्न होऊन आली तेव्हा घोंगडीच्या वासानं तिला मळमळायचं. आता घोंगडी उन्हात टाकणं, झटकणं, ओढ्याकाठचा निरगुडीचा पाला तोडून आणणं ही सगळी कामं तिचीच झाली होती.

"आक्का, लय हलून राह्यले हे," दैवशाला म्हणाली.

"हलू दे. सगळेच हलतेत. तू कड सोडू नको."

तेवढ्यात इंद्रभान अंगणात आला. आसराबाईचा नवरा. त्याला बघताच दैवशालानं एका हातानं कड धरून दुसऱ्या हातानं पदर कपाळापर्यंत ओढला. इंद्रभान तिचा भासरा, नवऱ्याचा थोरला भाऊ. भासऱ्यासमोर डोक्यावर पदर, त्याच्याशी थेट बोलणं नाही, आणि त्याच्या अंगाला हात लागणं तर बिलकुल नाही. चहाचा कपसुद्धा ती ओट्यावर ठेवून बाजूला होई. घरात मोबाईल आले, फ्रिज आला, पुंजारामनं मोटारसायकल घेतली, तरी ही एक रीत तेवढी टिकून होती. तिचा कुणाला त्रास होत नव्हता, म्हणून ती मोडायचं कुणाला सुचलं नव्हतं.

"तातेराव, दुकानातल्या गोळ्या संपल्या का?" इंद्रभाननं विचारलं.

घोंगडीखालून एक शिवी आली. इंद्रभान हसत हसत शेताकडे गेला. स्वतः तो कधी या घोंगडीखाली बसला नव्हता. त्याला तशी गरजच पडली नव्हती, आणि बायकोपुढं कुणाला असं कळवळताना बघितल्यावर गरज पडली असती तरी त्यानं ती सांगितली नसती.

थोड्या वेळानं आतली धडपड थांबली. आसराबाईनं आत हात घालून तातेरावांच्या कपाळावरून कोरडं फडकं फिरवलं, जरा थांबली, पुन्हा हात घातला. मग पायाकडून घोंगडी हळूहळू वर घेतली. तातेराव लालबुंद होऊन बाहेर आले. छातीवरून घामाचे ओघळ चालले होते. त्यांना पुसून, चादरीत गुंडाळून, वारं लागू नये म्हणून आतल्या खोलीत निजवलं.

"आता बरं वाटून राह्यलं," ते म्हणाले आणि घोरायला लागले.

आसराबाईचा हा वाफारा आजूबाजूच्या चार गावांत माहीत होता. ती तो बापाकडून शिकली. बाप मेंढरं घेऊन आयुष्यभर रानोमाळ फिरला, घोंगडीही त्याचीच. आता मेंढरं गेली होती, सासरी-माहेरी सगळे कापूस-मिरची करत होते, पण घोंगडी शाबूत होती. या वाफाऱ्याचा एक नियम होता आणि तो गल्लीतल्या सगळ्या बायकांना तोंडपाठ होता. घाम फुटेपर्यंत घोंगडी उचलायची नाही. माणूस ओरडतो, ढकलतो, शिव्या देतो, बाहेर यायला बघतो. ऐकायचं नाही. घाम फुटला की ताप उतरला.

दुसरी एक गोष्ट मात्र कुणाच्या लक्षात आली नव्हती. तापाचं माणूस आलं की आसराबाई आधी त्याच्याशी इकडचं तिकडचं बोलत बसे. मिरची कशी आहे, लेक कधी यायची आहे. बोलता बोलता तिचा हात त्याच्या काखेत जाई. काख ओलसर लागली, अंगावर काटा असला, दातावर दात आपटत असले, की ती म्हणे, "दैवशाला, पाणी ठेव." काख कोरडी ठणठणीत लागली आणि माणूस भलतंसलतं बोलत असला, तर ती घोंगडीला शिवतही नसे. मागल्या उन्हाळ्यात रामकिसन जीपवाल्याला तिनं तसंच दारातून परत पाठवलं. "अंगावर घागरभर पाणी वता अन् दवाखान्यात न्या," एवढंच म्हणाली. रामकिसन बरा झाला, आणि गाव म्हणालं, बाई लहरी आहे, मनात आलं तर देते नाहीतर हाकलते. आसराबाईनं खुलासा केला नाही. लहरी म्हणवून घेणं तिला आवडत असावं. शिवाय बापानं तिला हे तोंडानं सांगितलंच नव्हतं. उन्हानं पडलेल्या मेंढराच्या, हिवानं कुडकुडणाऱ्या माणसाच्या अंगावर तिचा हात धरून ठेवला होता. ती गोष्ट तिच्या हातात राहिली, तोंडात कधी आली नाही.

*

मे महिन्यात आसराबाई जालन्याला गेली. लेक रेणुका तिथं मस्तगड भागात राहत होती. दुसरं बाळंतपण, घरात मोठं माणूस कुणी नाही, म्हणून आईनंच जायचं ठरलं. घोंगडी तिनं घरीच ठेवली. बाळंतिणीला शेक-शेगडी लागते, वाफारा लागत नाही.

जाताना ती दैवशालाला म्हणाली, "ह्यांची भाकर टायमावर देत जा. अन् दुपारचं उन्हात जाऊ देऊ नको. ऐकत न्हाईत ते."

"बरं," दैवशाला म्हणाली. ज्याच्याशी बोलायचं नाही त्याला उन्हात जाऊ कसं द्यायचं नाही, हे तिनं विचारलं नाही आणि आसराबाईच्याही डोक्यात आलं नाही.

त्या दिवसांत मिरचीच्या लागवडीची तयारी चालली होती. इंद्रभान वाफ्यांवर प्लास्टिकचा कागद अंथरत होता. वरून ऊन आणि खालून कागदाची झळ. पुंजाराम ठिबकच्या नळ्या आणायला भोकरदनला गेला होता, म्हणून हा एकटाच होता. काम अर्ध्यावर ठेवणं त्याच्या स्वभावात नव्हतं. दुपारी तो घरी आला तो भिंत धरत धरत. ओसरीवर आडवा पडला. तोंड लाल झालेलं, डोळे भलतीकडेच लागलेले.

"मेंढरं आत घ्या," तो म्हणाला. "कोल्हं आलंय."

घरात मेंढरू राहिलं नव्हतं त्याला कैक वर्षं झाली होती. दैवशाला दाराआडून बघत होती. ती घाबरली आणि शेजारच्या केशरबाईला हाक मारून आणलं. केशरबाई वयानं आसराबाईच्या बरोबरीची, तिच्याच हातचा वाफारा दहादा घेतलेली. तिनं इंद्रभानच्या कपाळाला हात लावला आणि लगेच मागं घेतला.

"तवा तापलाय गं. थेंब बी घाम न्हाई अंगावर. ताप आत कोंडून राह्यला हा."

"आक्काला फोन लावते," दैवशाला म्हणाली.

तिनं रेणुकाच्या नंबरवर फोन लावला. तो वाजून वाजून बंद झाला. मस्तगडच्या घरात बाळ नुकतं झोपलं होतं आणि फोनचा आवाज बंद करून ठेवला होता. पुन्हा लावला, तेच. पुंजारामचा फोन लागला तर तो म्हणाला, निघालोच आहे, तोवर काहीतरी करा.

आणि मग त्या दोघींनी जे केलं ते अगदी बरोबर केलं, आसराबाई करायची तसंच. निरगुडी ओढ्याकाठची, ताजी. काढा सुंठ-मिऱ्याचा. केशरबाईनं इंद्रभानला टेकू देऊन बसवलं, काढा चमच्यानं तोंडात घातला, निम्मा ओघळला. दैवशालानं पातेलं पुढं सरकवलं आणि घोंगडी वरून अशी टाकली की भासऱ्याच्या अंगाला तिचं बोटही लागलं नाही. मग एक कड केशरबाईनं धरली, दुसरी दैवशालानं. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

इंद्रभान आत हलायला लागला. त्यानं हातानं घोंगडी ढकलली.

"ढकलून राह्यले," केशरबाई म्हणाली.

"सगळेच ढकलतेत. सोडू नका मावशी."

काही वेळानं आतली धडपड थांबली. दैवशालाला हायसं वाटलं, कारण धडपड थांबली म्हणजे घाम फुटायला आला, हे तिनं कितीतरी वेळा बघितलं होतं. हात घालून बघणं तिला शक्य नव्हतं. "मावशी, तुमी बघा," ती म्हणाली. केशरबाईनं आत हात घातला. कपाळ ओलं लागलं.

"फुटला गं घाम," ती म्हणाली.

दोघींनी पायाकडून हळूहळू घोंगडी उचलली. कपाळ, छाती, दंड सगळं ओलं होतं. ते पातेल्यातलं पाणी होतं. इंद्रभान शुद्धीत नव्हता.

*

रामकिसनच्या जीपमध्ये घालून त्याला आधी भोकरदनला आणि तिथून जालन्याला नेलं. आसराबाई मस्तगडहून रिक्षानं दवाखान्यात आली तेव्हा त्याला बर्फ लावत होते. ती कॉटजवळ गेली आणि सवयीनं तिचा हात त्याच्या काखेत गेला. मग तिला त्याच्या मानेवर चिकटलेली काळी लोकर दिसली. तिनं ती दोन बोटांनी उचलली आणि मूठ मिटली. तिला कुणी काही सांगायची गरज राहिली नाही.

डॉक्टर बाहेर आले. तरुण होते, बोलणं सरळ होतं. "उष्माघात आहे. खूप उशीर झालाय. यांना कशात गुंडाळलं होतं का?"

पुंजारामनं दैवशालाकडे बघितलं. दैवशाला भिंतीला टेकून खाली बसली होती. तिच्या साडीला अजून निरगुडीचा वास येत होता.

"घाम यावा म्हनून," पुंजाराम म्हणाला.

"अशा वेळी उष्णता बाहेर जायला हवी होती," डॉक्टर म्हणाले. त्याच संध्याकाळी इंद्रभान गेला.

त्यानंतरच्या दिवसांत आसराबाई दैवशालाशी एक शब्द बोलली नाही. खरं सांगायचं तर तिला दैवशालाचा राग आला होता, आणि तो साधा नव्हता. दैवशाला पाणी घेऊन आली की ती तोंड फिरवी. तिच्या हातांकडे बघवत नसे. या हातांनी कड धरली आणि माझा माणूस आत ढकलत राहिला, हा विचार तिच्या डोक्यातून हटेना. मग एके दुपारी ती ओसरीवर एकटी बसली असताना तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला. हलू दे, सगळेच हलतेत, तू कड सोडू नको. त्या दिवसापासून राग कुठं ठेवायचा हे तिला कळेनासं झालं.

पुंजारामला तसा काही प्रश्न नव्हता. त्यानं बायकोच्या हातचं जेवण सोडलं. येणारा-जाणारा हळू आवाजात विचारी, घोंगडी कुणी टाकली, आणि पुंजाराम मोठ्या आवाजात सांगे. बाप गेल्यावर थोरल्या भावानं त्याला खांद्यावर वागवलं होतं. त्याचं दुःख खोटं नव्हतं. पण दुःखाला दाखवायला एक माणूस मिळालं की ते आवरत नाही.

तेराव्याला भावकी जमली. शहागडहून दैवशालाचा भाऊ आला होता. जेवणं झाली, पानं उचलली, आणि मंडपात पुंजाराम त्याला म्हणाला, "तुमच्या बहिणीला घेऊन जा."

भाऊ अर्धवट उठला.

"माझ्या भावाला उकडून मारलं हिनं. या घरात मला हिचं तोंड बघायचं न्हाई. आज जा म्हणलं की आज जा."

तातेराव सुपारी कातरत होते, त्यांचा अडकित्ता थांबला. केशरबाई बायकांत बसली होती, ती स्वतःच्या पायाच्या बोटांकडे बघत राहिली. दैवशाला आतल्या खोलीत होती. तिनं पिशवी आधीच भरून ठेवली होती, हे आसराबाईनं सकाळीच बघितलं होतं. दोन साड्या, टॉवेल, आणि लग्नातला फोटो. फोटो कशाला घेतलाय, हे आसराबाईला कळलं नव्हतं, आणि आता एकदम कळलं. परत यायचं नाही असं धरूनच तिनं ती भरली होती.

आसराबाई उठली आणि मंडपाच्या तोंडाशी आली. तेराव्याच्या दिवशी बाईनं पुरुषांत येऊन बोलायची पद्धत नाही, म्हणून सगळे जरा सावरून बसले.

"पुंजाराम," ती म्हणाली, "त्या दिवशी मी घरी असते तर मी काय केलं असतं?"

"वैनी, तुमी आत जा."

"सांग की. काय केलं असतं?"

"तुमाला कळलं असतं," पुंजाराम म्हणाला. "तुमी आमच्या दादाला वाचवलं असतं."

"काय कळलं असतं? मी काय डाक्टर हाय?" आसराबाईचा आवाज चढला नव्हता. "मी बी पाला उकळला असता. घोंगडी मीच टाकली असती अन् कड बी मीच धरली असती. त्यांनी ढकललं असतं तरी सोडली नसती. ह्या पोरीला घाम काढाया कुणी शिकवलं? मी शिकवलं. माझ्या घोंगडीनं, माझ्या पाल्यानं, माझ्या सांगण्यानं तिनं केलं. हाकलायचं तर मला हाकल."

तातेरावांनी अडकित्ता खाली ठेवला. "म्हंजे आसराबाई, तुमाला बी कळलं नसतं?"

आसराबाईनं त्यांच्याकडे बघितलं. पौषात हाच माणूस तिच्या अंगणात बरा होऊन घोरत पडला होता. गावात तिला जे काही नाव होतं ते अशाच माणसांच्या तोंडी होतं, आणि ते नाव तिला प्रिय होतं. नवरा गेल्यावर तिच्याजवळ तेवढंच उरलं होतं म्हटलं तरी चालेल.

"न्हाई," ती म्हणाली. "मला बी कळलं नसतं."

एवढं सरळ खोटं ती आयुष्यात कधी बोलली नव्हती. सगळ्यांनी ते खरं मानलं. पुंजारामनं काही वेळ तिच्याकडे बघितलं, मग डोक्याची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि रडायला लागला. दैवशालाचा भाऊ मुक्कामाला थांबला नाही, एकटाच शहागडला परत गेला. आतल्या खोलीत दैवशालानं पिशवीतून फोटो काढून परत खिळ्याला लावला.

*

खोट्याचा जो काही हिशेब व्हायचा तो झाला. गावात बोलणं सुरू झालं की बाईलाच काही कळत नव्हतं, आजवर आपण नशिबानं वाचलो. तातेराव दुकानात ही गोष्ट रंगवून सांगत आणि सांगताना स्वतःच्या छातीवर हात ठेवत. त्यांच्या गोळ्या जोरात खपायला लागल्या. रस्त्यात आसराबाई दिसली की मात्र ते वजनकाट्यात काहीतरी शोधायला वाकत. वाफाऱ्याला कुणी येईना.

भावकीतले म्हणाले, ती घोंगडी जाळून टाका, नाहीतर नदीत सोडा. आसराबाईनं ती धुतली, उन्हात वाळवली आणि कडुनिंबाचा पाला घालून पेटीत ठेवली. पुंजाराम हळूहळू दैवशालाच्या हातचं जेवायला लागला. बोलणं कमीच होतं, पण भाकरी मागून घेत होता. दैवशाला मात्र निरगुडीच्या झाडाकडे फिरकत नसे. ओढ्याकडे कपडे धुवायला जाताना ती लांबची वाट धरी. कुणाच्या घरी ताप आहे असं ऐकलं की ती आपले हात पदरात गुंडाळून घेई. आसराबाईच्या नजरेतून हे सुटलं नव्हतं.

भादव्यात गावात तापाची साथ आली. घरोघर माणसं अंथरुणाला लागली. दवाखान्याची गाडी येऊन रक्त तपासून गेली. एके दिवशी सकाळी केशरबाई नातीला कडेवर घेऊन आली. पायल बालवाडीतली, पण चादरीत गुंडाळलेली असल्यानं मोठी दिसत होती. तिचे दात वाजत होते.

"रक्त तपासलं," केशरबाई म्हणाली. "साधा ताप हाय म्हणले. गोळी चालू हाय. पण हुडहुडी जाईना, अंग मोकळं होईना."

आसराबाईनं पाट पुढं सरकवला.

"लोक काय म्हणायचं ते म्हणू दे," केशरबाई म्हणाली. मग खाली बघत म्हणाली, "त्या दिशी एक कड म्या बी धरल्ती, आसराबाई. तेराव्याला माझं तोंड उघडलं न्हाई."

"ठाऊक हाय मला. बस."

आसराबाईनं आत हाक मारली. "दैवशाला, इकडं ये."

दैवशाला दारात आली, पोरीला बघितलं, आणि तिथंच थांबली. "माझ्याच्यानं न्हाई होणार आक्का. दुसरं काय बी सांगा."

"काय बी करायला सांगून राह्यले का मी? नुसती ये इकडं."

ती आली. आसराबाईनं तिचा हात मनगटाला धरला. थंड होता. पायलची चादर जराशी बाजूला करून तिनं तो हात पोरीच्या काखेत घातला आणि वरून दाबून धरला, बापानं तिचा धरला होता तसा.

"काय लागतंय?"

"गरम."

"अन्?"

दैवशालानं डोळे मिटले. "वलसर लागून राह्यलं."

"हां. खाक वली असली, अंगावर काटा असला, तरच घोंगडी. खाक कोरडी लागली अन् माणूस बरळून राह्यला, तर घोंगडीला हात लावायचा न्हाई. तवा पाणी वतायचं अंगावर अन् जल्दी दवाखाना. आधी हात, मंग घोंगडी. कुणी बी असू दे, परका पुरुष असू दे, भासरा असू दे. हात घालायचा."

केशरबाई आसराबाईच्या तोंडाकडे बघत राहिली. दैवशालाचा हात तसाच पोरीच्या काखेत होता. तिनं डोळे उघडले.

"आक्का," ती हळू आवाजात म्हणाली, "मंग तुमाला त्या दिशी कळलं असतं."

आसराबाई पेटीकडे गेली होती. तिनं घोंगडी बाहेर काढली आणि तिच्यात अडकलेली कडुनिंबाची वाळलेली पानं एकेक करून वेचायला लागली.

"तेराव्याला तुमी म्हणलात, मला बी कळलं नसतं म्हणून."

"म्हणले असंल."

"काहून म्हणलात?"

आसराबाई पानं वेचत राहिली. "तू पिशवीत फोटो घातल्ता," ती म्हणाली. मग घोंगडी झटकून म्हणाली, "पाणी ठेव. पोरगी गारठून राह्यली."

दैवशालाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते न पुसताच ती उठली. घरात निरगुडी नव्हती, म्हणून ओढ्याकाठी गेली, जवळच्या वाटेनं, आणि ओटीभर पाला घेऊन आली. पातेलं लहान घेतलं. काढा पोरीसाठी फिका केला, गूळ जास्त घातला. पायल आजीच्या मांडीवर बसली. आसराबाईनं पातेलं आपल्या हाताशी धरलं आणि तिघींवर मिळून घोंगडी पडेल अशी दैवशालानं ती वरून टाकली.

थोड्याच वेळात आतून चुळबुळ सुरू झाली. "मला बाहेर यायचं," पायल म्हणाली आणि तिनं घोंगडीला आतून लाथ मारली.

दैवशाला वाट बघत राहिली, पण आतून आसराबाई काही बोलली नाही. सोडू नको असं म्हणाली नाही, सोड असंही म्हणाली नाही.

दैवशाला खाली बसली. एका हातानं तिनं कड धरली. दुसरा हात घोंगडीच्या आत घालून पायलच्या पाठीवर ठेवला, आणि घाम फुटेपर्यंत काढला नाही.